टाळ्यांच्या गजरात इतिहासाचा बळी नको!

चित्रपटगृहातील दिवे मालवले जातात. पडदा उजळतो आणि त्यावर बारीक, दाट अक्षरांची एक पाटी झळकते. घटना व व्यक्तिरेखा यांत नाट्यमयतेसाठी बदल केले आहेत, ऐतिहासिक अचूकतेचा कोणताही दावा नाही, कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, अशा आशयाच्या त्या ओळी वाचून होण्याआधीच पाटी नाहीशी होते. त्यानंतर जवळजवळ तीन तास पडद्यावर खरे नाव, खरा गड, खरी तिथी आणि खरे राजचिन्ह झळकत राहते. आरंभीच्या काही क्षणांत जबाबदारी झटकायची आणि उरलेले तीन तास इतिहासाच्या पुण्याईवर गल्ला भरायचा, असा हा व्यवहार आहे. या व्यवहाराला चित्रसृष्टीने 'सिनेमॅटिक लिबर्टी' असे गोंडस नाव दिले आहे.

पनवेलच्या प्रेक्षकाने गेल्या दहा वर्षांत ही पाटी अनेकदा पाहिली. १८ डिसेंबर २०१५ रोजी 'बाजीराव मस्तानी', ६ डिसेंबर २०१९ रोजी 'पानिपत', १० जानेवारी २०२० रोजी 'तान्हाजी', २२ मार्च २०२४ रोजी 'स्वातंत्र्यवीर सावरकर' आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा'. याच काळात पनवेल बदलले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महानगरपालिका आली, मॉल उभे राहिले, मॉलमध्ये पडदे आले. मात्र गावाबाहेर पडताच दिसणारा कर्नाळ्याचा सुळका जागचा हललेला नाही. ज्याच्या दाराशी किल्ला उभा आहे, अशा प्रेक्षकाला हिंदी पडद्यावर मराठ्यांचा भगवा फडकताना पाहून भरून आले, तर त्यात नवल ते काय?

उपेक्षेकडून उदोउदोकडे

हा आनंद समजून घेतला पाहिजे. हिंदी चित्रपटसृष्टी महाराष्ट्राच्या भूमीत जन्मली आणि वाढली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. तरीही पुढे कित्येक दशके या पडद्यावर मराठी माणसाच्या वाट्याला आल्या त्या घरकाम करणारी बाई, पोट सुटलेला हवालदार किंवा गल्लीतला गुंड अशा भूमिका. मराठ्यांचा इतिहास सांगण्याचे काम भालजी पेंढारकरांसारख्या व्रतस्थाने मराठीत केले. हिंदीचा भव्य पडदा मात्र मोगल दरबाराच्या झुंबरांतच रमला.

ज्यांना हे सहन झाले नाही, त्यांनी पदरमोड केली. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात १९५४ साली उतरलेले संगीतकार सुधीर फडके यांनी स्वातंत्र्यवीर सावरकरांवर हिंदी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. धनिक निर्मात्याच्या दारी न जाता त्यांनी लोकांपुढे झोळी पसरली. लोकवर्गणीतून उभा राहिलेला 'वीर सावरकर' नोव्हेंबर २००१ मध्ये पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी, २९ जुलै २००२ रोजी, बाबूजींनी इहलोकीची यात्रा संपवली. त्या चित्रपटाने तिजोऱ्या भरल्या नाहीत. तो तिजोऱ्या भरण्यासाठी काढलेलाच नव्हता.

आज चित्र पालटले आहे. 'छावा'ने देशभरात सहाशे कोटी रुपयांच्या पलीकडे उत्पन्न मिळवले. बाजाराला देशभक्तीचा शोध लागला आहे. कालपर्यंत ज्यांना मराठ्यांचा इतिहास प्रादेशिक वाटत होता, त्यांना आज त्यात सोन्याची खाण दिसते. यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच आहे की, ही खाण खणताना इतिहासाचा पायाच उकरला जात असेल, तर प्रेक्षकाने टाळ्या वाजवत राहायचे काय?

अपमान टोचतो, स्तुती टोचत नाही

'बाजीराव मस्तानी' आला तेव्हा संताप उसळला. पेशव्यांच्या घरच्या स्त्रिया, काशीबाई आणि मस्तानी, 'पिंगा' घालताना दाखवल्या होत्या आणि ज्याच्या घोडदळाने १७२८ साली पालखेडला निजामाची कोंडी केली, तो बाजीराव सैनिकांसह नाचताना दिसत होता. पुण्यात निदर्शने झाली, काही खेळ रद्द झाले. हा संताप रास्त होता. अवघ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात मराठ्यांची दौड नर्मदेपार नेणाऱ्या सेनापतीला केवळ विरही प्रियकर करून टाकणे हा इतिहासाचा विपर्यासच होता.

'पानिपत'च्या वेळी महाराष्ट्र शांत राहिला, राजस्थान पेटला. भरतपूरचे महाराजा सूरजमल मदतीच्या मोबदल्यात आग्र्याचा किल्ला मागतात, असे चित्रपटात दाखवले होते. जाट समाजाने तीव्र विरोध केला आणि निर्मात्यांना सुमारे अकरा मिनिटांचा भाग कापावा लागला. वास्तविक या प्रकरणी पहिला आवाज महाराष्ट्रातून उठायला हवा होता. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर जे मराठे जीव मुठीत धरून दक्षिणेकडे परतत होते, त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा याच सूरजमलांनी दिला. उपकारकर्त्याची प्रतिमा मलिन होत असताना उपकृतांनी गप्प बसावे, ही कृतज्ञतेची कोणती रीत?

त्यानंतर 'तान्हाजी' आला आणि कोणीच काही बोलले नाही. उलट चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, अजय देवगण सर्वोत्कृष्ट अभिनेत्यांत गणले गेले. पडद्यावर काय होते? राजगडावर रोखण्यासाठी कोंढाण्यावर नेली जाणारी 'नागिन' नावाची अजस्र तोफ, जिचा इतिहासात मागमूस नाही. आणि उदयभान? इतिहासातला उदयभान राठोड हा मोगलांच्या चाकरीतला शूर राजपूत किल्लेदार. पडद्यावर तो झाला विकृत, रानटी राक्षस. स्वतः ती भूमिका करणाऱ्या सैफ अली खान यांनीच जानेवारी २०२० मधील एका मुलाखतीत, हा इतिहास आहे असे आपल्याला वाटत नाही, असे सांगून टाकले. त्याच मुलाखतीतील त्यांच्या दुसऱ्या एका विधानावर गदारोळ झाला, पण या कबुलीचे कोणालाही सोयरसुतक नव्हते.

यातली मेख ध्यानी घेतली पाहिजे. शत्रूला राक्षस केल्याने तानाजी मोठा होत नाही, लहान होतो. १६६५ च्या पुरंदर तहात गेलेला कोंढाणा माघ वद्य नवमीच्या काळोख्या रात्री, मोजक्या मावळ्यांनिशी, कडा चढून, कसलेल्या राजपुतांशी समोरासमोर झुंजून परत घेणे, हा मूळ पराक्रमच एवढा उत्तुंग आहे की त्याला काल्पनिक तोफेची टेकणी लागत नाही. ज्याला ती लावावीशी वाटते, त्याचा पराक्रमावर नव्हे, संगणकीय चमत्कृतीवर विश्वास आहे.

अपमान करणारे असत्य टोचते आणि स्तुती करणारे असत्य गोड लागते. परंतु दोहोंची जात एकच.

छत्रपती संभाजी महाराजांनी शिकवलेला धडा

हे सत्य महाराष्ट्राइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असायला हवे? 'सिनेमॅटिक लिबर्टी' हा शब्द जन्मण्याआधी 'नाट्यस्वातंत्र्य' नावाची गोष्ट होती आणि तिने सर्वांत मोठा बळी घेतला तो छत्रपती संभाजी महाराजांचा.

११ मार्च १६८९ रोजी शंभूराजांनी देह ठेवला. त्यांच्याविषयी पूर्वग्रहांनी भरलेली मल्हार रामराव चिटणीस यांची बखर लिहिली गेली ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. त्या बखरीच्या आधारावर नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी एक रंगेल, व्यसनी, उतावळा राजपुत्र उभा केला. राम गणेश गडकरींसारख्या शब्दप्रभूचे अपुरे राहिलेले 'राजसंन्यास'ही याला अपवाद नव्हते. इतकेच काय, ज्यांच्या निष्ठेविषयी शंकेला जागा नाही, त्या भालजी पेंढारकरांनीही १९४१ साली 'थोरातांची कमळा' पडद्यावर आणली आणि पुराव्याच्या कसोटीला न उतरणारी एक प्रेमकथा घराघरात पोहोचली. हेतू वाईट नव्हता. कथा रंजक होती, प्रेक्षकांना आवडत होती, एवढे कारण पुरेसे ठरले. आणि स्वराज्यासाठी नऊ वर्षे औरंगजेबाला झुंजवणारा, संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा राजा पिढ्यान्‌पिढ्या बदनाम राहिला.

हा कलंक कोणी पुसला? कोणत्याही नटाने नव्हे, संगीतकाराने नव्हे. तो पुसला वा. सी. बेंद्रे यांनी. अनेक दशके दफ्तरे धुंडाळून, देशी-परदेशी कागद पारखून त्यांनी १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र सिद्ध केले. त्यानंतर डॉ. कमल गोखले यांच्या 'शिवपुत्र संभाजी'ने त्या कामाला बळकटी दिली. आज 'छावा'च्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत जे अश्रू उभे राहतात, त्यांचे श्रेय पडद्याइतकेच, किंबहुना अधिक, या मूक तपश्चर्येला आहे. बेंद्रे यांचे नाव त्या गर्दीतील किती जणांना ठाऊक होते?

लेझीम गेली, पुराव्याचा प्रश्न राहिला

जानेवारी २०२५ मध्ये 'छावा'ची झलक प्रसिद्ध झाली. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्रभर गहजब झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो प्रसंग काढून टाकला. समाजाचा धाक असतो तेव्हा निर्माते कसे वाकतात, याचे हे उदाहरण आहे. समाजाने ही शक्ती वापरली कशासाठी, हेही पाहिले पाहिजे.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्यावर फितुरीचा डाग लावला, त्याला पुरावा काय, असा त्यांचा सवाल होता. दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली, चित्रपट शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारित असल्याचे सांगितले. प्रकरण तेथेच निवले. लेझीम खेळली की नाही, यावर महाराष्ट्र ढवळून निघाला. एखाद्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या फितूर ठरवणाऱ्या प्रसंगाचा आधार काय, हे विचारायला मात्र केवळ वंशज उरले! शंभूराजांच्या बाबतीत जे घडले, तेच दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडत असेल, तर त्याची चिंता शंभूराजांच्या भक्तांनी नाही तर कोणी करायची?

पडद्यावरचे प्रेक्षक किती खरे मानतो, याचा दाखला त्याच वर्षी मार्चमध्ये मिळाला. चित्रपटात बुऱ्हाणपूरची मोहीम पाहून मध्य प्रदेशातील असीरगड किल्ल्याच्या परिसरात लोक मोगली मोहरांच्या शोधात रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणू लागले. पोलिसांना धाव घ्यावी लागली. हसण्यावारी नेण्याजोगी ही बाब नाही. जो पडदा माणसाच्या हाती कुदळ देऊ शकतो, तो त्याच्या मनात काय काय पेरू शकतो, याचा विचार गांभीर्याने झाला पाहिजे. आरंभीची ती बारीक अक्षरांतली पाटी तेव्हा कोणाच्या ध्यानात होती?

'आपल्या बाजूचा' चित्रपट

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की, चित्रपट म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. हे मान्य. संवाद रचावे लागतात, दोन दिवसांच्या घटना दोन मिनिटांत आणाव्या लागतात, जेथे कागद मुका आहे तेथे कल्पनेला बोलावे लागते. याला कोणाची हरकत नाही. पण कागद जेथे बोलतो आहे, तेथे त्याचे तोंड दाबून कल्पना बोलू लागली, तर ते स्वातंत्र्य नसून स्वैराचार होय.

दुसरे उत्तर अधिक धोकादायक आहे. इतक्या वर्षांनी कोणीतरी आपली बाजू मांडतो आहे, त्याच्या चुका काढून विरोधकांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे, असे अनेक राष्ट्रभक्तांना वाटते. वस्तुतः कोलीत देतो तो चूक दाखवणारा नव्हे, चूक करणारा.

२०२३ च्या मे महिन्यात रणदीप हुड्डा यांच्या 'स्वातंत्र्यवीर सावरकर'ची पहिली झलक आली. भगतसिंग, खुदीराम बोस आणि नेताजी सुभाषचंद्र यांना सावरकरांनी प्रेरित केले, असा सरसकट दावा त्यासोबत होता. नेताजींच्या कुटुंबातील चंद्रकुमार बोस यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला आणि ज्या टीकाकारांना सावरकरांचे नावही सहन होत नाही, त्यांना आयती संधी मिळाली. अंदमानची कोठडी, कोलूचे कष्ट, मार्सेलिसची उडी यांनी भरलेले चरित्र! त्याला दुसऱ्यांच्या हौतात्म्याचे उसने तेज कशाला हवे? हुड्डा यांनी भूमिकेसाठी देह झिजवला, हे निःसंशय कौतुकास्पद आहे. परंतु नटाने वजन घटवले तरी पुराव्याचे वजन घटता कामा नये.

खुद्द सावरकरांची रीत काय होती? लंडनमध्ये विशीतल्या या तरुणाने १८५७ चा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा तो थेट इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात जाऊन बसला. इंग्रजांचेच दस्तऐवज तपासून त्याने इंग्रजांचा 'शिपायांचे बंड' हा सिद्धान्त मोडीत काढला. तो ग्रंथ सरकारला इतका झोंबला की त्यावर बंदी आली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची दफ्तरे गोळा करत राहिले. राष्ट्रीय विचाराची परंपरा ही अशी पुराव्याची परंपरा आहे. तिच्या वारसांनी 'आपल्या बाजूचे आहे ना, मग चालेल' असे म्हणणे, हा त्या परंपरेचाच अवमान आहे.

शिरढोणची वाट

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. पनवेलच्या नाट्यगृहाला आज या आद्य क्रांतिवीराचे नाव आहे. गजेंद्र अहिरे यांनी २००७ साली त्यांच्यावर मराठीत चित्रपट काढला, अजिंक्य देव यांनी ती भूमिका केली. हिंदीच्या भव्य पडद्याला मात्र शिरढोणची वाट अजून सापडलेली नाही. आजची हवा पाहता, उद्या ती सापडणारच नाही असे नाही.

तेव्हा काय होईल? या चरित्रात नाट्य भरण्याची गरजच नाही. लष्करी हिशेब खात्यातला कारकून, आजारी आईसाठी रजा न मिळालेला मुलगा, लहुजी वस्तादांच्या तालमीत घडलेला पठ्ठ्या, दुष्काळाने होरपळलेली रयत पाहून पेटून उठलेला ब्राह्मण तरुण आणि त्याच्याभोवती जमलेले रामोशी, कोळी, धनगर. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईकाने पळस्पे आणि चिखली येथे घातलेले छापे. ज्या पळस्प्याच्या फाट्यावर आज वाहनांची रांग लागते, तेच हे पळस्पे! जुलैमध्ये देवर नावडगी येथे झोपेत असताना झालेली अटक, पुण्यातल्या खटल्यात बचावासाठी उभे राहिलेले सार्वजनिक काका, एडनच्या तुरुंगाचे दार बिजागरीसकट उखडून केलेले पलायन, पुन्हा अटक आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी अन्नत्यागाने आलेला मृत्यू.

या कथेत विजयाचा जल्लोष नाही. बंड फसले. लुटीच्या वाटणीत गुंतलेल्या सहकाऱ्यांविषयीची खंत स्वतः वासुदेव बळवंतांनी लिहून ठेवली आहे. श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या चरणी देह ठेवण्याचा विचार करण्याइतके नैराश्य त्यांनी भोगले आणि त्यातून ते पुन्हा उठले. ही खंत, हे नैराश्य गाळून, त्यांच्या हाती एखादी काल्पनिक तोफ देऊन, शिरढोणच्या अंगणात नाचगाणे घालून चित्रपट निघाला, तर पनवेलचा प्रेक्षक काय करणार? टाळ्या वाजवणार, की 'हा आमच्या गावचा वासुदेव नव्हे' असे ठणकावून सांगणार?

ते सांगण्याचे बळ आजपासून कमवावे लागेल. ऐतिहासिक चित्रपट पाहून आल्यावर त्या विषयावरचे एक तरी प्रमाण पुस्तक घरात यावे. गणेशोत्सवातल्या आणि शिवजयंतीच्या व्याख्यानांना चित्रपटातल्या नटांऐवजी अभ्यासकांना बोलवावे. शाळांनी मुलांना चित्रपट जरूर दाखवावा, पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातले खरे किती आणि रचलेले किती, याचा हिशेबही मांडावा. आणि निर्मात्यांकडे एकच आग्रह धरावा: आरंभी झळकणाऱ्या त्या पळपुट्या पाटीऐवजी चित्रपटाच्या शेवटी, सावकाश वाचता येईल अशा अक्षरांत, काय इतिहासातले आणि काय कल्पनेतले, हे स्पष्ट लिहा. लेझीम काढायला लावणारा समाज एवढे नक्कीच करवून घेऊ शकतो.

शंभूराजांची बदनामी टाळ्यांनीच पोसली होती, हे विसरून चालणार नाही. ज्या टाळीला सत्याची चाड नाही, ती आज वीराला डोक्यावर घेते आणि उद्या त्याच वीराला पायदळी तुडवते. म्हणून चित्रपटगृहाचे दिवे मालवले, तरी प्रेक्षकाच्या विवेकाचा दिवा मालवता कामा नये!